योआखिम्सटाल : चांदीच्या दरींतील गांव

डॉलर हें नाणें अमेरिकेंत चालतें, हें आपल्या बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. परंतु त्या नाण्याला हें नांव ज्या गांवावरून मिळालें, तें गांव अमेरिकेंत नाहीं. तें युरोप खंडाच्या मध्यभागीं, चेक लोकांच्या देशांत, डोंगरांतील एका अरुंद दरींत वसलेलें आहे. त्यास जर्मन भाषेंत योआखिम्सटाल व चेक भाषेंत याखिमोव असें म्हणतात. आज तेथें अडीच हजारांहूनही कमी लोक राहतात. तथापि या लहानशा गांवानें जगाला एक नाणें दिलें, खाणकामाचें शास्त्र वाढविलें आणि रेडियम नांवाच्या धातूच्या शोधास लागणारा दगड पुरविला. त्याच गांवच्या भूमीनें अनेकांचे प्राणही घेतले. म्हणून या धड्यांत त्याची हकीकत क्रमानें सांगण्याचें योजिलें आहे.

ठिकाण

चेक देशाच्या वायव्य सीमेवर क्रुश्ने होरी नांवाची डोंगरांची रांग आहे. जर्मन लोक तिला एर्ट्‌सगेबिर्ग, म्हणजे कच्च्या धातूचे डोंगर, असें म्हणतात. तिच्या पलीकडे जर्मनीचा सॅक्सनी प्रांत लागतो. या रांगेंतील सर्वांत उंच शिखर क्लिनोवेत्स हें सुमारें ४,०८० फूट उंच असून तें याखिमोवच्या अगदीं जवळ आहे. उन्ह पाण्याच्या झऱ्यांकरितां प्रसिद्ध असलेलें कार्लोव्ही व्हारी शहर याच्या दक्षिणेस सुमारें बारा मैलांवर आहे. गांवांतून एक ओढा वाहतो व त्याच्या कांठानें लांबच लांब एकच मुख्य रस्ता चढत जातो. दोन्ही बाजूंस उभे डोंगर असल्यामुळें घरांस जागा थोडी. हिंवाळा लांब, बर्फ पुष्कळ व जमीन हलकी. शेतीवर पोट भरावें असें हें ठिकाण नव्हे. येथें मनुष्य आला तो जमिनीच्या पोटांत जें होतें त्यासाठींच आला.

चांदी व नाणें

इ. स. १५१२ च्या सुमारास येथें चांदीचा शोध लागला. १५१६ सालीं त्या प्रांताचा सरदार स्टेफान श्लिक यानें गांवाची रीतसर स्थापना केली. त्यास योआखीम याचें नांव देण्यांत आलें. येशूची माता मरिया हिच्या बापाचें हें नांव होतें अशी जुनी परंपरा आहे; शास्त्रांत मात्र त्याचा उल्लेख नाहीं. टाल म्हणजे दरी; म्हणून योआखिम्सटाल म्हणजे योआखीमाची दरी. १५२० सालीं गांवास खाणींच्या स्वतंत्र शहराचा दर्जा मिळाला.

काढलेली चांदी दूर नेऊन विकण्यापेक्षां तिचीं नाणींच पाडावीं, असें श्लिक घराण्यानें ठरविलें. हें नाणें वजनानें सुमारें अडीच तोळे होतें. त्याच्या एका बाजूस योआखीमाची आकृति व दुसऱ्या बाजूस बोहेमियाचा सिंह असे. लोक त्यास योआखिम्सटालर, म्हणजे योआखिम्सटालचें नाणें, असें म्हणूं लागले. पुढें त्याचा संक्षेप होऊन टालर झालें व तोच शब्द निरनिराळ्या देशांत फिरत फिरत शेवटीं डॉलर या रूपानें स्थिर झाला.

चांदीची वार्ता पसरतांच चोहोंकडून खाणकामगार धांवत आले. १५३४ च्या सुमारास वस्ती अठरा हजारांवर गेली व राजधानी प्राग सोडल्यास बोहेमियांत एवढें मोठें दुसरें शहर नव्हतें. संपत्तीबरोबर कलहही आला. १५२५ सालीं कामगारांनीं आपल्या गाऱ्हाण्यांसाठीं बंड केलें. १५२६ सालीं स्टेफान श्लिक हा तुर्कांविरुद्ध मोहाचच्या लढाईंत नाहींसा झाला. त्यानंतर दोन वर्षांनीं राजा फर्डिनंड यानें टांकसाळ आपल्या हातीं घेतली आणि १५४५ सालीं शहरही घेतलें.

वैद्य, पाळक व शिक्षक

या धांवपळीच्या शहरांत विद्येचीही जोपासना झाली. १५२७ सालीं गेओर्ग अग्रिकोला हा विद्वान येथें वैद्य म्हणून आला. रोग्यांस औषध देतां देतां तो खाणींत उतरे, कामगारांस प्रश्न विचारी व धातू कसे शोधतात, कसे वितळवितात हें लिहून ठेवी. त्याचा धातुविद्येवरील मोठा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १५५६ सालीं चित्रांसह छापून निघाला. खाणींतील धुळीनें फुप्फुसें कशीं कुजतात व तिजपासून बचाव करण्यासाठीं तोंडावर फडकें कसें बांधावें, हेंही त्यानें त्यांत सांगितलें आहे.

१५३२ सालीं योहानेस माथेसियुस हा येथील लॅटिन शाळेचा मुख्य शिक्षक झाला. कांहीं वर्षांनीं तो पुढील अभ्यासासाठीं विटेनबर्ग येथें गेला व तेथें मार्टिन लूथर याच्या पंक्तीस बसून त्यानें त्याचीं संभाषणें टिपून घेतलीं. १५४२ सालीं तो उपदेशक होऊन परत आला व १५४५ पासून मरेपर्यंत, म्हणजे १५६५ पर्यंत, येथील मंडळीचा पाळक होता. लूथरच्या चरित्रावर त्यानें या गांवांत जे उपदेश केले, ते लूथरच्या अगदीं आरंभींच्या चरित्रांपैकीं एक होत.

गांवोगांव शिकविणाऱ्या उपदेशकांनीं या माथेसियुसची एक गोष्ट विशेष ध्यानांत घ्यावी. त्याचे श्रोते दिवसभर अंधारांत दगड फोडणारे होते. त्यांच्यासाठीं त्यानें खाण, शिरा, भट्टी, गाळ व शुद्ध रुपें याच गोष्टींवरून उपदेश रचले. १५६२ सालीं ते एका ग्रंथांत प्रसिद्ध झाले. त्या ग्रंथाचें नांव सारेप्टा. ज्या सारफथ गांवीं विधवेनें एलीया संदेष्ट्यास आश्रय दिला, त्याचेंच तें नांव आहे. त्या ग्रंथांत धर्मशिक्षणाबरोबर खाणविद्येची माहितीही इतकी भरलेली आहे कीं, त्या विद्येचे अभ्यासक आजही तो उघडून पाहतात.

त्याचा सोबती निकोलाउस हेर्मान हा शाळेंतील शिक्षक व गायक होता. त्यानें मुलांसाठीं सोप्या भाषेंत गीतें रचून त्यांस चालीही दिल्या. त्यांचा संग्रह १५६० सालीं छापला गेला. त्याचीं कांहीं गीतें जर्मन मंडळ्या अद्यापि गातात. लॅटिन शाळेच्या ग्रंथसंग्रहांतील जुने ग्रंथ आजही गांवच्या सभागृहांत जपून ठेवलेले आहेत.

देशत्याग

चांदी कायमची पुरली नाहीं. खाणी खोल गेल्या, पाणी उपसण्याचा खर्च वाढला व अमेरिका खंडांतून स्वस्त चांदी येऊं लागली. कामगार निघून जाऊं लागले. त्यांतच १६१८ सालीं तीस वर्षांचें युद्ध सुरू झालें. १६२० सालीं प्रागजवळील पांढऱ्या टेंकडीच्या लढाईंत प्रॉटेस्टंट पक्षाचा मोड झाल्यावर, राजाचा धर्म स्वीकारा नाहीं तर देश सोडा, असा प्रसंग लोकांवर आला. पुष्कळ कुटुंबें डोंगर ओलांडून सॅक्सनींत गेलीं. या भागांतील खाणींच्या गांवांतून घालवून दिलेल्या लोकांनीं १६५४ सालीं सीमेपलीकडे योहानगेओर्गनश्टाट हें नवें गांव वसविलें. योआखिम्सटाल मागें राहिलें, पण तें पूर्वींचें शहर राहिलें नाहीं.

काळा दगड

चांदी शोधतांना कामगारांस एक काळा, जड दगड वारंवार लागे. तो लागला म्हणजे चांदीची शीर संपली असें ते समजत व त्यास टाकून देत. १७८९ सालीं क्लाप्रोट नांवाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें अशा दगडांत युरेनियम असल्याचें दाखविलें. पुढें कांचेस पिवळा व हिरवा रंग देण्यासाठीं योआखिम्सटाल येथें युरेनियमच्या रंगांचा कारखाना निघाला. त्या कारखान्यांतून उरलेला चोथा पॅरिसमध्यें मेरी क्यूरी व तिचा पति पिअर यांजकडे पाठविण्यांत आला. १८९८ सालीं या दगडाच्या अभ्यासांतूनच त्यांनीं पोलोनियम व रेडियम यांचा शोध लाविला, आणि पुढें कित्येक टन चोथा शिजवून व गाळून चिमूटभर रेडियमचा क्षार हातीं आला. बांधणाऱ्यांनीं टाकलेला दगड, ही म्हण येथें अक्षरशः खरी ठरली.

लवकरच खाणींतील पाण्यांतही तोच किरणांचा गुण आहे असें आढळून आलें. १९०६ पासून संधिवातादि विकारांवर त्या पाण्याचीं स्नानें देण्यास आरंभ झाला व १९१२ सालीं श्रीमंत रोग्यांसाठीं रेडियम पॅलेस नांवाचें भव्य आरोग्यभवन उघडलें. परंतु वर मनुष्य बरा होण्यासाठीं येत असतां खालीं दुसरा मरत होता. या डोंगरांतील खाणकामगार तरुणपणींच छातीच्या दुखण्यानें मरतात, हें शेंकडों वर्षें ठाऊक होतें. तो फुप्फुसांचा कर्करोग असून युरेनियमपासून निघणाऱ्या रेडॉन वायूनें होतो, हें विसाव्या शतकांत स्पष्ट झालें.

तीन सुंदर नांवें

१९३८ सालीं हिटलरच्या जर्मनीनें हा सीमाप्रांत घेतला. युद्ध संपल्यावर, १९४५ व १९४६ सालीं, येथील जर्मन भाषा बोलणाऱ्या रहिवाशांस देशाबाहेर घालविण्यांत आलें. ज्यांचे पूर्वज चांदीच्या काळापासून तेथें होते, त्यांनाही जावें लागलें. तीन शतकांपूर्वीं धर्मासाठीं जें घडलें, तेंच आतां भाषेसाठीं घडलें.

आतां युरेनियम हें अणुबाँबसाठीं हवें होतें व तें रशियाकडे पाठवावयाचें होतें. प्रथम जर्मन युद्धकैदी कामास लाविले. नंतर १९४९ ते १९६१ या काळांत कम्युनिस्ट सरकारनें हजारों राजकीय कैदी येथें आणिले. त्यांत शेतकरी, विद्यार्थी, शिपाई व धर्मसेवक होते. ज्या छावण्यांत त्यांस कोंडलें, त्यांपैकीं तिहींचीं नांवें होतीं समता, ऐक्य व बंधुता. दरीच्या तोंडाशीं विटांचा एक मनोरा आहे. तेथें कैदी उघड्या हातांनीं धातूचा चुरा करून पिपांत भरीत. त्यास मृत्यूचा मनोरा असें म्हणतात. चांगलें नांव दिल्यानें वाईट काम चांगलें होत नाहीं, हें त्या दारांवरील नांवांइतकें स्पष्ट दुसरें कोण सांगेल?

आजची स्थिति

१९६४ सालीं येथील युरेनियमची खोदाई बंद झाली. ऐक्य नांवाची खाण मात्र अद्याप चालू आहे. तिच्यांतून धातू निघत नाहीं, केवळ रोग्यांसाठीं पाणी वर आणितात. २०१९ सालीं संयुक्त राष्ट्रांच्या युनेस्को संस्थेनें या डोंगरांतील खाणींचा प्रदेश जागतिक वारशांत घेतला. त्यांत हें गांव व तो मनोरा, दोन्हीं आहेत. ज्यांनीं चांदी काढली त्यांचे वाडे आणि ज्यांस जबरीनें खालीं उतरविलें त्यांचें दुःख, हीं दोन्हीं एकाच दरींत आहेत. पाहणाऱ्यानें एक पाहून दुसरें विसरूं नये.

रात्रीच्या वर्गासाठीं प्रश्न

१. डॉलर हें नांव कसें पडलें, तें क्रमानें सांगा.
२. योआखिम्सटाल येथें शेती मोठी कां झाली नाहीं?
३. माथेसियुसनें आपल्या श्रोत्यांस शिकविण्यासाठीं कोणती रीति वापरली? आपल्या गांवीं उपदेश करावयाचा तर कोणत्या कामावरून दृष्टांत घ्याल?
४. टाकून दिलेला काळा दगड पुढें कोणत्या उपयोगास आला, व त्यापासून कोणतें नुकसान झालें?
५. ईयोबाच्या पुस्तकाचा अठ्ठाविसावा अध्याय वाचा. खाणीविषयीं जें तेथें सांगितलें आहे, तें या गांवाच्या इतिहासाशीं ताडून पहा.