भाकरीच्या ठिकाणी धोंडा : कुमारप्पांच्या लेखणीपासून बोध

धर्मनिष्ठ मनुष्याने राज्यकारभाराच्या गोष्टींविषयी लिहावे की नाही, हा प्रश्न आपल्या मंडळ्यांत वारंवार निघतो. वर्ध्याच्या मगनवाडीत ज्यांनी आयुष्याची पुष्कळ वर्षे वेचिली, त्या जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा ह्यांच्या चरित्रात त्याचे उत्तर आहे, असे आम्हांस वाटते.

त्यांचा जन्म ४ जानेवारी १८९२ रोजी तंजावर येथे एका ख्रिस्ती कुटुंबात झाला. हिशेबतपासनीस होऊन ते मुंबईत तो धंदा करीत. पुढे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात सरकारी जमाखर्चाचा अभ्यास करिताना, हिंदुस्थानचे दारिद्र्य व सरकारचा कारभार ह्यांचा संबंध त्यांच्या ध्यानी आला. १९२९ साली गांधीजींची भेट झाली, व त्यांचा तद्विषयक निबंध 'यंग इंडिया' पत्रात क्रमशः निघाला. १९३० साली गांधीजी तुरुंगात गेल्यावर ह्या पत्राचा भार त्यांनी उचलला. ख्रिस्ती पुढाऱ्यांपैकी कित्येक कायदेभंगास धर्मविरुद्ध म्हणत असता, ख्रिस्ती सेवकांनी अहिंसेच्या बाजूस उभे राहावे, अशी उघड विनंती त्यांनी लिहिली. पत्रातील लेखनाबद्दल १९३१ साली त्यांस शिक्षा झाली.

१९३४ साली वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. कुमारप्पा त्याचे चिटणीस झाले व 'ग्रामोद्योग पत्रिका' हे मासिक चालवू लागले. तेलाची घाणी, हातकागद, हातसडीचा तांदूळ हे त्यांच्या लेखणीचे विषय होते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी एका लेखास 'भाकरीच्या ठिकाणी धोंडा' अशा अर्थाचे नाव दिले. मत्तयाच्या सातव्या अध्यायातील दृष्टांत वाचकांस ठाऊक आहेच. सरकार युद्धासाठी धान्य व माल नेत असे. त्याची रक्कम लंडनात केवळ खात्यावर जमा होई, आणि तिच्या आधारावर येथे नोटा छापल्या जात. नोटा वाढल्या, माल घटला, महागाई चढली. शेतकऱ्याच्या हाती कागद राहिला व कोठार रिकामे झाले. अशा रीतीने शुभवर्तमानातील एका वाक्याने त्यांनी चलनाचा अवघड विषय उलगडून दाखविला. त्याच काळात त्यांस पुन्हा कारावास घडला. तुरुंगात त्यांनी येशूच्या आचरणावर व शिकवणीवर एक, आणि टिकाऊ अर्थव्यवस्थेवर एक, अशी दोन पुस्तके लिहिली. १९४५ साली दोन्ही गांधीजींच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाली. ३० जानेवारी १९६० रोजी कुमारप्पा निवर्तले.

ह्यावरून आम्ही दोन गोष्टी शिकतो. पहिली, त्यांनी आधी हिशेब तपासला आणि मग दोष दाखविला. रागाच्या भरात केलेली ओरड म्हणजे साक्ष नव्हे. दुसरी, त्यांची प्रार्थना व त्यांची खातेवही निराळी नव्हती. शेजाऱ्यावर प्रीती करणाऱ्याने त्याच्या ताटातील भाकर कोण उचलतो, हे पाहिलेच पाहिजे. आणि पाहिल्यावर ते सांगण्याची किंमत देण्यासही सिद्ध असावे.

मंडळीत विचार करण्यासाठी प्रश्न : (१) आपल्या गावी भाकरीच्या ठिकाणी धोंडा कोणास मिळत आहे? (२) ते बोलण्यापूर्वी आपण कोणता हिशेब तपासावा?