राज्यकर्त्यांसाठीं प्रार्थना कां करावी?

शास्त्रपाठ : यिर्मया २९:४–७, १ तीमथ्य २:१–४.

उपासनेंत राज्यकर्त्यांसाठीं प्रार्थना करण्याचा आपला परिपाठ आहे. परंतु पुष्कळ ठिकाणीं ती एका वाक्यांत उरकली जाते. "जो अधिकारी आमचें गाऱ्हाणें ऐकत नाहीं, त्याच्यासाठीं देवाजवळ काय मागावें?" असें कोणी उघड बोलतो, कोणी मनांत म्हणतो. ह्याचें उत्तर शास्त्रांतूनच घेऊं.

यिर्मयानें पत्र लिहिलें तें बाबेलांतील बंदिवानांस. नबुखद्नेस्सर राजानें त्यांस घरादारापासून तोडून परमुलखांत नेलें होतें. तरी त्याच नगराच्या हितासाठीं झटावें व प्रार्थना करावी, असें संदेष्टा त्यांस सांगतो. पौलानें राजांसाठीं प्रार्थना करण्यास लिहिलें, तेव्हां रोमी कैसर ख्रिस्ताला ओळखीत नव्हते, इ. स. ६४ च्या आगीनंतर तर नीरोनें रोमांतील ख्रिस्ती लोकांचा भयंकर छळ केला. तेव्हां राज्यकर्ता चांगला असेल तरच प्रार्थना, असा नियम शास्त्रांत नाहीं.

पण प्रार्थना म्हणजे खुशामत नव्हे, आणि अन्याय मुकाट्यानें सोसणेंही नव्हे. फिलिप्पै येथें चौकशीवांचून फटके मारल्यावर, अधिकाऱ्यांनीं स्वतः येऊन आपणांस बाहेर न्यावें, असा पौलानें आग्रह धरिला (प्रेषित १६:३७). पुढें त्यानें कैसराकडे दाद मागितली (प्रेषित २५:११). सरपंचाकडे अर्ज करावयाचा तो करावा, आणि त्याच सरपंचासाठीं गुडघेही टेकावे. ज्याच्यासाठीं आपण देवाजवळ मागितलें, त्याच्यापुढें सत्य बोलतांना जिभेवर विष राहत नाहीं.

पौल प्रार्थनेबरोबर उपकारस्तुतीही सांगतो. आपल्यांतील पुष्कळांच्या वाडवडिलांस गांवच्या विहिरीवर जाण्याची बंदी होती. १९२७ सालीं महाड येथें डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांचे अनुयायी ह्यांनीं चवदार तळ्याचें पाणी प्राशन केलें. २६ जानेवारी १९५० रोजीं राज्यघटना अमलांत आली. तिच्या १५ व्या कलमानें सार्वजनिक विहिरी व तळीं ह्यांवरील जातीची आडकाठी दूर केली, १७ व्यानें अस्पृश्यता नष्ट केली, आणि २५ व्यानें धर्मस्वातंत्र्य दिलें. ती घडविणाऱ्या घटनासभेचे एक उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी हे ख्रिस्ती होते. कायदा प्रत्येक गांवीं पुरता उतरला नाहीं, हें खरें. तरी जें मिळालें तें विसरणें ही कृतघ्नता होय.

"ख्रिस्ती झालां म्हणजे परके झालां," असें कोणी म्हणेल. रे. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) ह्यांनीं १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतला. पण देशावरील प्रेम सोडिलें नाहीं, आणि मंडळीला मराठी भजनें दिलीं. देश हें देवाचें दान आहे. दानाचा अभिमान दात्याची आठवण देतो तोंवर तो शुद्ध. शेजाऱ्यास तुच्छ लेखूं लागला कीं तो गर्व झाला.

उपदेशकांनीं येत्या रविवारीं सरपंच, फौजदार, शाळेचे शिक्षक व देशाचे मंत्री ह्यांचीं नांवें घेऊन प्रार्थना करावी. ज्यानें आपणांस दुखविलें त्याचें नांव वगळूं नये. तें पहिलें घ्यावें.

प्रश्न :
१. बाबेलांतील बंदिवानांस कोणासाठीं प्रार्थना करण्यास सांगितलें?
२. पौलानें अधिकाऱ्यांचा मान राखून न्याय कसा मागितला?
३. कोणत्या अधिकाऱ्याचें नांव माझ्या प्रार्थनेंत अजून आलें नाहीं?