'एटीडी सगळीकडे चालते, बेटा'

रायपूर, दुर्ग, भिलाई, बिलासपूरकडच्या मराठी घरांत मुलीचा हात चित्रकलेत चांगला आहे असं दिसलं की पहिलं नाव नागपूरचं निघतं. मामा नाही तर आत्या तिथे असतेच, गाडी थेट आहे, भाषा आपली आहे. आणि चित्रकला शिक्षिका व्हायचंय म्हटलं की जो तो सांगतो, एटीडी (आर्ट टीचर डिप्लोमा) कर, दोन वर्षांत पदविका हातात. मलाही हेच सांगितलं गेलं. फरक इतकाच, की मला सांगणाऱ्या सरांना विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करण्याचाच पगार मिळत होता. म्हणून हे लिहितेय. थोडं मन मोकळं करायला आणि 'तूच नीट चौकशी केली नसशील' म्हणणाऱ्या नातेवाइकांसाठीही.

चौकशी केली होती. टाळेबंदी सैल झाल्यावर मी आणि बाबा विदर्भातल्या त्या खासगी कला महाविद्यालयात गेलो. (नाव घेत नाही, उगाच नोटिशी नकोत.) 'मार्गदर्शन कक्ष' अशी पाटी, आत एक टेबल, टेबलावर माहितीपत्रकांचा गठ्ठा. सरांनी माझा अर्ज हातात घेतला, पत्ता वाचला आणि म्हणाले, "पंडरी? म्हणजे विठोबाच्या गावची की काय?" बाबा हसले. नाही म्हणाले, रायपूरची पंडरी, कपडा मार्केट, तिथे आपलं साड्यांचं दुकान. मग दोघं साड्यांच्या भावावर बराच वेळ बोलत बसले. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढे त्याचं काम आहे.

मी विचारलं, "सर, मला नोकरी रायपूरलाच करायची आहे. केंद्रीय विद्यालयात एटीडी चालते ना?"

"एटीडी सगळीकडे चालते, बेटा. नवीन शैक्षणिक धोरण आलंय. आता शाळा तिथे चित्रकलेचा मास्तर."

पावती फाडली. पहिलं वर्ष बरंचसं मोबाइलवर गेलं, स्थिरचित्राचा फोटो काढून पाठवायचा, 'छान' असा शेरा यायचा. दुसरं वर्ष मात्र खरंच कामाचं होतं. फलकलेखन, पाठाचं टाचण, सराव पाठ, पन्नास पोरांसमोर पाठ न दाखवता फळ्यावर कसं काढायचं, हे मी तिथेच शिकले. अभ्यासक्रमाला मी नावं ठेवत नाही.

2022 च्या डिसेंबरात केंद्रीय विद्यालय संघटनेची मोठी भरती निघाली. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, दुकानातल्या गादीवर बसून मी अर्ज भरायला घेतला. कला शिक्षक म्हणजे टीजीटीची (प्रशिक्षित पदवीधर शिक्षकाची) श्रेणी, मूळ वेतन 44,900, बाबा शेजारी बसून मोठ्याने वाचत होते. पात्रतेच्या ओळीवर ते थांबले. चित्रकला, शिल्पकला किंवा ग्राफिक आर्टमधली मान्यताप्राप्त पाच वर्षांची पदविका, किंवा समकक्ष पदवी. पाच. बाबांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. माझ्या गुणपत्रिकेवर ठळक अक्षरांत छापलेलं होतं: अवधी दोन वर्षे. त्या ओळीत बसते ती महाराष्ट्रातली जी. डी. आर्ट, फाउंडेशन धरून पाच वर्षांची. किंवा बीएफए, म्हणजे ललित कलेची पदवी. एटीडी नाही, कशीही फिरवली तरी नाही.

तिथूनच सरांना फोन लावला. तिसऱ्यांदा उचलला. सगळं ऐकून घेतलं आणि थंडपणे म्हणाले, "तू छत्तीसगडची आहेस हे मला कुठे माहीत होतं? आधी सांगायचं ना."

विठोबाच्या गावची!

मी आठवण करून दिली, तर म्हणे शेकडो मुलं येतात. मग म्हणे समकक्षतेचं प्रमाणपत्र काढून घे. कुठून, कोण देतं, ते सांगितलं नाही. दोन वर्षांची पदविका कागदावर पाच वर्षांची करणारं कार्यालय असेल तर मीही त्याच्या दारात पथारी टाकेन. शेवटी "खासगी शाळेत बघ ना, तिथे कोण विचारतं," असं म्हणून फोन ठेवला. राग आला तो या वाक्याचा. खासगी शाळेत मी बघितलंच, एका शाळेत शिकवलंही, पगार इथे लिहायची लाज वाटते.

आणि 'शाळा तिथे मास्तर' हेही अर्धवट. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीसाठी पटसंख्या शंभराच्या वर गेली तर कलेसाठी अंशकालीन निदेशक नेमायचा असं आहे. अंशकालीन! धोरणाचं नाव घेऊन प्रवेश भरणाऱ्यांनी हा शब्द कधी उच्चारला नाही.

आता ज्यांची मुलं या वाटेवर आहेत त्यांच्यासाठी. माहितीपत्रक नंतर वाचा, आधी भरतीची जाहिरात वाचा, आणि तीही जिथे राहायचंय तिथली. केंद्रीय विद्यालय, नवोदय, एकलव्य, राज्याच्या शाळा, प्रत्येकाची पात्रता वेगळी असते. 2023 मध्ये एकलव्य शाळांची भरती आली, तिथे ललित कलेची पदवी मागितली होती. शब्दरचना दर भरतीला बदलू शकते, म्हणून सगळ्यात ताजी जाहिरात काढा, छापा, प्रवेशाच्या टेबलावर ठेवा आणि विचारा: या ओळीत तुमचा अभ्यासक्रम बसतो का, हो की नाही, लिहून द्या. लिहून देत नसतील तर निदान त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर प्रश्न पाठवा आणि उत्तर जपून ठेवा. तोंडी हमीचं काय होतं ते वर आलंच आहे.

महाराष्ट्रातच नोकरी करायची असेल तर एटीडी जरूर करा, पण परराज्यातल्या मुलांना तिथलं आरक्षण आणि शिष्यवृत्त्या मिळतील हे गृहीत धरू नका.

आणि खैरागड! संगीत आणि ललित कलांसाठीच 1956 मध्ये स्थापन झालेलं इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय आपल्या दाराशी आहे, आणि आमच्या घरात 'खैरागड म्हणजे गाणं-बजावणं' एवढंच माहीत होतं. तिथे चित्रकलेची चार वर्षांची पदवी आहे. नागपूरच्या मार्गदर्शकाने तिचं नाव का घ्यावं, म्हणा. आपल्या टेबलावरचा गठ्ठा संपवायचा असतो. सल्ला देणारा ज्याचा पगार घेतो त्याचाच सल्ला देतो.

बाकी सराव सोडू नका, धीर धरा वगैरे आहेच.

जे आत्ता एटीडीच्या पहिल्या वर्षाला आहेत त्यांनी घाबरून सोडू नये. पण गुणपत्रिका आणि अभ्यासक्रमाची प्रत महाविद्यालयाच्या शिक्क्यासह आताच घेऊन ठेवा, मूळ कागद अडकवू देऊ नका. पुढे बीएफएला जाताना थेट दुसऱ्या वर्षात घेतात का, हे त्या विद्यापीठालाच विचारा, मधल्या कुणाला नाही. मी पहिल्या वर्षापासून सुरुवात केली आहे, वर्गातली पोरं मला ताई म्हणतात.