काळ्या मातीवरील रस्ता : पायाचे शास्त्र

महाराष्ट्राच्या पठारी भागाला काळ्या मातीचे वरदान लाभले आहे. ज्वालामुखीच्या लाव्हारसापासून बनलेल्या बेसॉल्ट खडकाची दीर्घकाळ झीज होऊन ही माती तयार झाली. तिच्यात ओल टिकून राहते आणि म्हणूनच विदर्भ, मराठवाडा व खानदेशातील कापूस, ज्वारी आणि तूर या पिकांना ती मानवते. परंतु शेतीच्या दृष्टीने जो या मातीचा गुण, तोच रस्तेबांधणीच्या दृष्टीने तिचा सर्वांत मोठा दोष ठरतो. उन्हाळ्यात नीटनेटका दिसणारा रस्ता दोन पावसाळ्यांत खचतो, त्यावर खोल चाकोऱ्या पडतात आणि एस. टी. ची गाडी फाट्यावरूनच परत फिरते. आजारी माणसाला दवाखान्यात नेणे, दूध संकलन केंद्रावर पोहोचविणे, मुलांनी शाळा गाठणे ही सारी कामे मग चिखलाच्या मर्जीवर अवलंबून राहतात.

अशा वेळी दोष बहुधा डांबराला दिला जातो. वास्तविक रस्त्याचे आयुष्य डांबराच्या पातळ थरापेक्षा त्याच्या खाली असलेल्या मातीवर अधिक अवलंबून असते. यास्तव या मातीचा स्वभाव जाणून घेणे अगत्याचे आहे.

मातीचा स्वभाव

काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचे खनिज विपुल प्रमाणात असते. पोथीची पाने एकावर एक रचावीत तशी त्याच्या सूक्ष्म कणांची रचना असते. या पानांमधील बंध दुर्बल असल्याने पाणी त्यांच्यात सहज शिरते आणि पाने एकमेकांपासून दूर सारली जातात. परिणामी माती फुगते. उन्हाळ्यात हेच पाणी निघून गेले की माती आकसते आणि जमिनीला भेगा पडतात. पुढील पावसाचे पाणी या भेगांतून थेट खोलवर उतरते.

फुगणे आणि आकसणे सर्वत्र सारखे झाले असते तर हानी कमी झाली असती. पण तसे होत नाही. डांबरी पृष्ठभागाखाली रस्त्याच्या मध्यभागातील ओल बरीचशी कायम राहते, तर कडेची माती ऋतुमानाप्रमाणे भिजते व वाळते. मध्यभाग स्थिर आणि कडा हलत्या, अशी अवस्था झाल्याने रस्त्याच्या लांबीच्या दिशेने, कडेजवळ लांबच लांब भेगा पडतात. खराबीची सुरुवात तेथूनच होते.

प्रयोगशाळेतील कसोट्या

माती किती फुगेल, हे पाहण्याची एक साधी चाचणी आहे. चाळलेल्या कोरड्या मातीचे प्रत्येकी १० ग्रॅमचे दोन नमुने दोन मोजनळ्यांत घेतात. एकीत ऊर्ध्वपातित पाणी व दुसरीत रॉकेल भरतात. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. माती पूर्णपणे खाली बसल्यावर दोन्ही नळ्यांतील मातीची पातळी वाचतात. रॉकेलमध्ये मातीने १० घन सेंटिमीटर आणि पाण्यात १८ घन सेंटिमीटर जागा व्यापली असेल, तर तिचा फुगवटा ८० टक्के झाला. ज्या मातीचा असा फुगवटा ५० टक्क्यांहून अधिक, ती महामार्गाच्या भरावासाठी अयोग्य मानली जाते.

दुसरी कसोटी भारक्षमतेची. 'कॅलिफोर्निया बेअरिंग रेशो' किंवा सी. बी. आर. या नावाने ती जगभर ओळखली जाते. साच्यात दाबून बसविलेली माती चार दिवस पाण्यात ठेवतात. नंतर ५० मिलिमीटर व्यासाचा दट्ट्या तिच्यात ठराविक गतीने दाबला जातो. दट्ट्या २.५ मिलिमीटर आत जाण्यासाठी प्रमाणित खडीला १३७० किलोग्रॅम भार लागतो. परीक्षेतील मातीला लागलेला भार त्याच्या किती टक्के आहे, हा तिचा सी. बी. आर. अंक. भिजलेल्या काळ्या मातीचा अंक पुष्कळदा दोन ते चार टक्के एवढाच भरतो. म्हणजे दोन टक्क्यांच्या मातीत केवळ २७ किलोग्रॅम भाराने दट्ट्या तेवढा आत जातो. हा अंक जितका कमी, तितकी वरील थरांची जाडी अधिक ठेवावी लागते. मुरमाड जमिनीवर पुरेशी ठरणारी जाडी काळ्या रानात तशीच वापरली, तर रस्ता टिकण्याची आशा धरता येत नाही.

अशा संशोधनासाठी नाशिक येथे १९५९ साली महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था स्थापन झाली. देशपातळीवर नवी दिल्ली येथील केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेने १९५२ पासून या विषयात कार्य केले आहे.

पाया सुधारण्याचे उपाय

खडीचा थर थेट काळ्या मातीवर पसरला, तर पावसाळ्यात वाहनांच्या भाराने खडी खाली रुतते आणि चिखल खडीच्या पोकळ्यांतून वर येतो. म्हणून दोहोंच्या मध्ये चांगल्या मुरमाचा किंवा वाळूचा दाबून बसविलेला थर देणे आवश्यक असते. जवळपास चांगला मुरूम मिळत असेल तेथे हाच उपाय सोयीचा पडतो.

मुरूम दुरून आणावा लागत असेल तेथे चुन्याचा उपयोग करता येतो. मातीची ढेकळे बारीक फोडून तिच्यात साधारणतः तीन ते पाच टक्के चुना मिसळल्यास तिचा चिकटपणा व फुगवटा कमी होतो. पुढे चुना व मातीतील सिलिका यांच्या संयोगाने तिला हळूहळू घट्टपणाही येतो. मात्र ढेकळे न फोडता चुना वरवर पसरला, तर खर्च होतो आणि लाभ होत नाही.

तिसरा उपाय मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील प्रा. आर. के. कट्टी यांच्या संशोधनातून पुढे आला. काळी माती पाण्याने भिजली, तरी ठराविक खोलीखाली ती फारशी हलत नाही, या निरीक्षणावर तो आधारलेला आहे. फुगणाऱ्या मातीवर, न फुगणाऱ्या पण चिकट अशा मातीचा सुमारे एक मीटर जाडीचा थर दाबून बसविल्यास खालचा फुगवटा आवरला जातो. कालव्यांच्या अस्तरीकरणातही हे तत्त्व उपयोगी पडले आहे.

उपाय कोणताही असो, दबाईत कसूर चालत नाही. प्रत्येक मातीची एका विशिष्ट ओलीला सर्वांत चांगली दबाई होते, हे प्रॉक्टर या अमेरिकन अभियंत्याने १९३३ मध्ये दाखवून दिले. काळी माती अगदी कोरडी असताना दाबली, तर नंतर पाणी मिळताच ती अधिक फुगते. म्हणून ती योग्य ओलीपेक्षा किंचित अधिक ओल ठेवून दाबणे हितावह असते.

पाण्याचा निचरा

रस्त्याचा खरा शत्रू पाणी होय. खडीच्या रस्त्याला मध्यापासून कडेकडे अडीच ते तीन टक्के, तर मातीच्या रस्त्याला तीन ते चार टक्के उतार द्यावा लागतो. पृष्ठभागावरून उतरलेले पाणी बाजूच्या चरांतून मोरीपर्यंत आणि तेथून ओढ्यापर्यंत गेले पाहिजे. बांध सरकवताना चर बुजविला गेला, शेतात गाडी उतरविण्यासाठी नळी न टाकता त्यावर भराव घातला गेला किंवा मोरीचे तोंड गाळाने भरले, तर पाणी तुंबून पायात मुरते. मग वरचा डांबराचा थर कितीही उत्तम असला तरी तो वाचत नाही.

भाराचे गणित

१९५८ ते १९६० या काळात अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात खास बांधलेल्या रस्त्यांवर मालमोटारी सातत्याने चालवून मोठा प्रयोग करण्यात आला. आसावरील भार दुप्पट झाला की रस्त्याची हानी दुप्पट नव्हे, तर सुमारे सोळापट होते, असा त्याचा निष्कर्ष आहे. भारतात रस्त्याच्या आखणीसाठी ८,१६० किलोग्रॅमचा आस प्रमाण मानतात. चार चाकांच्या एकेरी आसावरील भाराची मर्यादा २०१८ मध्ये १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेण्यात आली. वरील हिशेबाने ११.५ टनांचा एक आस रस्त्याची प्रमाण आसाच्या जवळपास चौपट झीज करतो. ऊस, वाळू किंवा खडी मर्यादेबाहेर भरून नेणारे वाहन एका खेपेचे भाडे वाचविते, पण गावाच्या रस्त्याचे आयुष्य घटविते.

ग्रामस्थांचा वाटा

रस्ता मंजूर झाला म्हणजे गावाचे काम संपले, असे नाही. आपल्या रस्त्याच्या मातीची चाचणी झाली काय, पायाला मुरमाचा थर किती जाडीचा आहे, मोऱ्या पाण्याच्या वाटेवर आहेत काय, हे प्रश्न ग्रामसभेत विचारले गेले पाहिजेत. पावसाळ्यापूर्वी चर मोकळे करणे, मोऱ्यांतील गाळ काढणे आणि पडलेली पहिली भेग वेळीच बुजविण्याचा आग्रह धरणे, ही कामे अल्प खर्चाची आहेत. काळी माती बदलता येत नाही, पण तिचा स्वभाव ओळखून रस्ता बांधता येतो व राखता येतो. असा रस्ता लाभला, तर आषाढातल्या मुसळधार पावसातही गावचा दवाखान्याशी आणि बाजाराशी असलेला संबंध तुटणार नाही.