प्रवासास सोयीची गळाची काठी

मे महिन्याच्या सुटीत आजोळी कोकणात जाणारे विद्यार्थी, गळाची काठी कोणती घ्यावी, असे आम्हांस पुसतात. पालकांचा प्रश्न बहुधा किमतीविषयी असतो.

खाडीकाठी गरविण्यास साधा बांबू पुरतो, हे प्रथमच सांगितले पाहिजे. परंतु 10 फुटी बांबू एस्. टी.च्या गाडीत नेणे म्हणजे सहप्रवाशांच्या डोळ्यांस धोका! यास्तव दोन युक्त्या निघाल्या आहेत. एकीत काठीचे दोन ते चार तुकडे एकमेकांत बसवितात. दुसरीत दुर्बिणीप्रमाणे नळीत नळी सरकून काठी हातभर होते व वळकटीत मावते. मात्र सांधे वाढले की काठी जड होते व तिचा बाक तुटक पडतो. मासा ओढू लागला असता तो हिसका सोसून दोरी वाचविण्याचे काम बाकच करतो. म्हणून पिशवीत जागा असेल तर जोडकाठीच आम्ही पसंत करू.

काचतंतूंची काठी किंचित् जड, पण स्वस्त व आघात सोसणारी असते. नवशिक्या मुलास तीच द्यावी. कर्बतंतूंची काठी हलकी खरी. परंतु दगडावर आपटल्यास तिला सूक्ष्म चीर जाऊन ती पुढे अवचित मोडते. शिवाय कर्बातून वीज वाहते. विजेच्या तारांखाली किंवा मेघगर्जना होत असता अशी काठी उभारणे प्राणघातक होय. ओल्या बांबूविषयीही हेच समजावे.

फारच काटकसर करावयाची असेल, तर जपानातील डोंगरी ओढ्यांवरची ‘तेंकारा’ पद्धत पाहावी. तीत चक्री नसते, कड्याही नसतात; दोरी शेंड्यासच बांधतात. अर्थात् मासा लांब धावल्यास दोरी सोडता येत नाही, तेव्हा ती लहान माशांपुरतीच.

दुकानात काठी पूर्ण उघडून पाहावी. कड्या एका रेषेत आहेत काय, त्यांच्या आतील कडा गुळगुळीत आहेत काय, हे बोटाने तपासावे. खरखरीत कडी दोरी कापते. दुर्बिणीची काठी उघडताना शेंड्याकडून आरंभ करावा व मिटताना बुंध्याकडून. सांध्यांत रेती गेल्यास त्या अडकतात. म्हणून खाऱ्या पाण्यातून आल्यावर काठी गोड्या पाण्याने धुवून सावलीत वाळवावी.

धरणांच्या जलाशयांत मासेमारीचे हक्क पुष्कळदा ठेक्याने दिलेले असतात. तेथे गळ टाकण्यापूर्वी परवानगी विचारून घ्यावी.