ग्लुकोजचे पेय आणि दोन तासांची प्रतीक्षा

वार्षिक वैद्यकीय तपासणीच्या अहवालात उपाशीपोटीची साखर शंभराच्या आत पाहून निर्धास्त होणाऱ्यांची संख्या मोठी आहे. वस्तुतः हा आकडा शरीराच्या कारभाराची एकच बाजू दाखवितो. रात्रभराच्या उपवासात रक्तातील साखरेचा पुरवठा मुख्यतः यकृत सांभाळते. अन्न पोटात गेल्यावर मात्र स्वादुपिंडाला तातडीने इन्सुलिन सोडावे लागते व स्नायूंना ती साखर उचलावी लागते. बँकेच्या भाषेत सांगावयाचे तर उपाशीपोटीचा आकडा ही सकाळची आरंभीची शिल्लक होय. दिवसभराच्या उलाढालीचा ताण खाते पेलते किंवा नाही, हे तीवरून कळत नाही. तो ताण मुद्दाम देऊन पाहणे, हेच ग्लुकोज सहनशीलता चाचणीचे प्रयोजन.

चाचणीपूर्वी तीन दिवस नेहमीचा आहार आणि आदल्या रात्रीपासून किमान आठ तास उपवास आवश्यक असतो. उपाशीपोटी रक्त घेतल्यावर ७५ ग्रॅम ग्लुकोज पाव लिटरच्या आसपास पाण्यात विरघळवून पाच मिनिटांत प्यावयाचे, मग दोन तास स्वस्थ बसावयाचे व पुन्हा रक्त द्यावयाचे. दर डेसिलिटरला १४० मिलिग्रॅमपेक्षा कमी साखर सामान्य. १४० ते १९९ म्हणजे सहनशीलता घटलेली. २०० वा अधिक म्हणजे मधुमेह. लक्षणे नसल्यास दुसऱ्या दिवशी फेरतपासणी करूनच निदान पक्के केले जाते. चाचणीपूर्वी भात-पोळी सोडून 'तयारी' करणाऱ्यांना ठाऊक नसते, की अशाने आकडा उतरण्याऐवजी चढू शकतो!

हे आकडे आले कोठून? अमेरिकेतील ॲरिझोना प्रांतातील पिमा या आदिवासी जमातीचा अभ्यास १९६५ पासून सुरू झाला. त्यांच्यात मधुमेहाचे प्रमाण असाधारण होते. दोन तासांनंतरची साखर २०० च्या पुढे गेलेल्यांमध्ये डोळ्यांच्या पडद्याची हानी ठळकपणे वाढलेली आढळली. पूर्वी ब्रिटनमध्ये ५० ग्रॅम, तर अमेरिकेत १०० ग्रॅम ग्लुकोज देण्याची प्रथा होती. १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने ७५ ग्रॅमचे प्रमाण स्वीकारले.

१९९७ मध्ये अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने उपाशीपोटीची निदानमर्यादा १४० वरून १२६ वर आणली आणि नेहमीच्या निदानासाठी तेवढीच तपासणी पुरेशी मानली. खर्च व वेळ वाचविण्याचा हेतू रास्त होता. परंतु १९९९ मध्ये 'डिकोड' या युरोपीय अभ्यासगटाने पंचवीस हजारांहून अधिक व्यक्तींची माहिती तपासली, तेव्हा मृत्यूच्या धोक्याची सूचना उपाशीपोटीच्या आकड्यापेक्षा दोन तासांनंतरचा आकडा अधिक चांगली देतो, असे दिसून आले. वाचविलेले दोन तास महागात पडण्याचा संभव होता. जागतिक आरोग्य संघटनेने ही चाचणी कायम ठेवली.

चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन यांच्या नेतृत्वाखालील भारतीय अभ्यास आपल्या वाचकांना अधिक जवळचा वाटेल. त्यातील सहभागी बहुतांशी सेवाक्षेत्रातील मध्यमवर्गीय कर्मचारी व त्यांचे कुटुंबीय होते. याच चाचणीने सहनशीलता घटल्याचे निश्चित झालेल्या ५३१ जणांचा सुमारे तीन वर्षे पाठपुरावा झाला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार केवळ सामान्य सल्ला मिळालेल्या गटातील ५५ टक्के व्यक्तींना मधुमेह जडला. चालणे व आहारनियमन यांचा नेटाने पाठपुरावा झालेल्या गटात हे प्रमाण ३९.३ टक्के राहिले. नुसत्या उपाशीपोटीच्या तपासणीत यांतील अनेकजण नजरेतून निसटले असते.

चाचणीला मर्यादाही आहेत. एकाच व्यक्तीचा आकडा दोन दिवशी वेगळा येऊ शकतो. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एचबीए१सी ही उपवासाविना होणारी तपासणीही निदानासाठी मान्य केली. मात्र रक्तक्षय असल्यास ती दिशाभूल करू शकते. २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने एका तासानंतरचा आकडा ग्राह्य धरण्याची शिफारस केली: १५५ वा अधिक म्हणजे धोक्याची पातळी, २०९ वा अधिक म्हणजे मधुमेह. ही पद्धत रुळल्यास प्रयोगशाळेच्या बाकावरील प्रतीक्षा निम्म्यावर येईल.