हृदयाच्या तपासण्या : भिलाईत पैसे आधी कशावर घालाल?

छातीवर दाब, दरदरून घाम, जबड्यात किंवा हातात कळ असेल, तर दर विचारत बसू नका. 108 ला फोन लावा. पहिला ईसीजी ठीक आला तरी घरी परतायची घाई नको. ट्रोपोनिनची रक्ततपासणी काही तासांनी पुन्हा करावी लागते.

ज्यांना सवड आहे, त्यांनी सुरुवात ईसीजीनेच करावी. खासगीत साधारण 200 ते 400 रुपये. त्याची त्याच दिवशी झेरॉक्स काढा. माझ्या सासऱ्यांचा जुना ईसीजी फाइलमधून काढला, तर गुलाबी चौकटी तेवढ्या उरल्या होत्या. रेघ उडून गेली होती. आणि डॉक्टरांना ताडून पाहायला नेमकी तीच हवी होती.

इको (1,500 ते 2,500) झडपा आणि हृदयाचं पंपिंग दाखवतो, रक्तवाहिनीतला अडथळा थेट दाखवत नाही. चालताना छाती भरून येत असेल तर बहुधा टीएमटी (1,200 ते 2,000) सांगतात. त्यात दर तीन मिनिटांनी ट्रेडमिलच्या पट्ट्याचा वेग आणि चढ वाढतो. बूट घालून जा. बीपीची गोळी घ्यायची की नाही, हे आदल्या दिवशीच विचारा. धडधड महिन्यातून एकदाच होत असेल, तर 24 तास ईसीजी टिपणारा होल्टर कोराच येण्याची शक्यता जास्त. तेव्हा सगळं एकत्र देणारं पॅकेज घेण्याआधी विचारा: माझ्या त्रासाला यातली कोणती तपासणी लागते?

अँजिओग्राफीला साधारण 12 ते 25 हजार लागतात. आधी क्रिएटिनिन तपासून घ्या. डायचा भार किडनीवर येतो. सही करण्यापूर्वी स्पष्ट विचारा, अडथळा सापडला तर त्याच टेबलावर स्टेंट घालणार का? स्टेंटच्या किमतीवर 2017 पासून सरकारी मर्यादा आहे, पण बलून आणि बाकीचं सामान बिलात वेगळं लागतं. सीडी मागून घ्याच. दुसरं मत घेताना तीच लागते.

भिलाई स्टील प्लांटवाल्यांना सेक्टर 9 चं रुग्णालय आहे. बाकीच्यांना रायपूरचं एम्स किंवा आंबेडकर रुग्णालयाची हृदयसंस्था जवळ पडते. लहान मुलांच्या जन्मजात हृदयदोषावर नवा रायपूरच्या सत्य साई संजीवनीत मोफत उपचार होतात.

आयुष्मान कार्डावर ओपीडीतल्या तपासण्या सहसा बसत नाहीत. भरती झालात तर आधीच्या तीन दिवसांचा तपासणीखर्च त्यात धरतात, म्हणून पावत्या जपा. सत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्नाची अट नाही, मात्र त्यांचं वय वंदना कार्ड वेगळं काढावं लागतं.